परक्यांची शेजारीण : जेन ॲडम्सबाई

पोटासाठी परमुलखांत गेलेल्या मनुष्याची काय दशा होते, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. अशांच्या शेजारी जाऊन राहिलेल्या एका बाईंचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

जेन ॲडम्सबाई ह्यांचा जन्म अमेरिकेतील इलिनॉय संस्थानांत सीडरव्हिल गावी ६ सप्टेंबर १८६० रोजी झाला. त्या दोन वर्षांच्या असतांनाच आई निवर्तली. पुढे आजारपणामुळे वैद्यकीचा अभ्यास सोडावा लागला. लंडन येथील टॉयन्बी हॉल पाहून आल्यावर १८८९ साली एलेन स्टारबाईंसह त्यांनी शिकागो शहरांत हल हाऊस उघडले. सभोवार इटालियन, जर्मन, ग्रीक व रशियन यहूदी कुटुंबे दाटीने राहत. त्यांच्याकरितां बालवर्ग व रात्रीचे वर्ग निघाले. गल्ल्यांतील कचरा नीट उचलला जाईना, तेव्हां १८९५ साली बाईंनी कचऱ्यावरील तपासनिसाची जागा स्वतः पत्करली व पहाटेस उठून त्या गाड्यांमागे हिंडू लागल्या. नवागतांची लुबाडणूक थांबविण्यासाठी १९०८ साली संरक्षक संघ निघाला. त्याच्या चालकांतही त्या होत्या.

१९१७ साली अमेरिका महायुद्धांत उतरली. बाईंनी युद्धास विरोध केला, म्हणून कालचे स्तुतिपाठक निंदक झाले. बाईंनी ते सोसले, पण मत बदलले नाही. १९३१ साली त्यांस शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला. २१ मे १९३५ रोजी त्या निवर्तल्या.

आपल्या गावच्या शिवेवर परकी बिऱ्हाडे उतरली असतां प्रथम त्यांची विचारपूस कोण करितो, हे आम्ही सर्वांनी आपल्या मनास विचारावे.