संत लल्लेश्वरी : सूत, माती आणि बर्फ यांतून साकारलेले अध्यात्म

१४ व्या शतकात काश्मीरच्या भूमीत संत लल्लेश्वरी होऊन गेल्या. काश्मिरी माणूस त्यांना आपुलकीने लल्लद्यद म्हणतो. द्यद म्हणजे घरातील वडीलधारी, आई किंवा आजी. तिथले मुसलमान त्यांना लल्ला आरिफा या नावाने मानतात. त्यांच्या चार ओळींच्या रचनांना 'वाख' म्हणतात. आपल्याकडे घरोघरी जसे अभंग आणि ओव्या, तसे काश्मीरमध्ये वाख.

श्रीनगरजवळच्या एका पंडित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहान वयातच लग्न होऊन त्या केशराच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या पांपोरला आल्या. सासुरवास कठीण होता. परंपरा सांगते की सासू त्यांच्या ताटात आधी एक दगड ठेवी आणि त्यावर भाताचा पातळ थर पसरे. पाहणाऱ्याला ताट भरलेले दिसे. लल्लेश्वरी मुकाट्याने तेवढेच खात आणि दगड धुऊन परत जागेवर ठेवत. पहाटे पाणी आणायला नदीवर जायचे, दिवसभर सूत कातायचे आणि मिळेल त्या वेळात ध्यान करायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. ऐन तारुण्यात त्यांनी घर सोडले. सिद्ध श्रीकंठ या शैव गुरूंकडून त्यांना साधनेचा मार्ग मिळाला आणि पुढचे आयुष्य त्या गावोगाव फिरत राहिल्या.

त्यांच्याविषयी चमत्काराच्या कथा पुष्कळ आहेत. पण एक साधी कथा मला त्या सगळ्यांहून मोलाची वाटते. रस्त्यात मुले त्यांची टवाळी करीत होती. एका कापड दुकानदाराने मुलांना हटकले. लल्लेश्वरींनी त्याच्याकडून सारख्या वजनाचे कापडाचे दोन तुकडे मागून घेतले आणि दोन खांद्यांवर टाकले. दिवसभरात कोणी मान दिला की एका कापडाला गाठ, कोणी अपमान केला की दुसऱ्याला गाठ. संध्याकाळी दुकानात येऊन त्यांनी दोन्ही कापडे पुन्हा तोलायला सांगितली. वजन सारखेच भरले! आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरा जास्तच भावते. दोन्ही बाजूंना दिवसभर नोंदी झाल्या, पण शिलकेत काहीच फरक नाही. समत्व या विषयावर त्यांनी प्रवचन दिले नाही. तराजू पुढे केला.

वाखांचेही असेच आहे. त्या काळी काश्मीरमधील शैव तत्त्वज्ञान संस्कृत ग्रंथांत होते. अभिनवगुप्तांसारख्या आचार्यांनी ते फार उंचीवर नेले होते, पण चूल सांभाळणाऱ्या स्त्रीपर्यंत ते कसे पोहोचणार? लल्लेश्वरी काश्मिरीत बोलल्या आणि दृष्टान्त घेतले ते हाताखालच्या वस्तूंचे. एका वाखात त्या पीळ न दिलेल्या कच्च्या धाग्याने समुद्रात नाव ओढत आहेत. काश्मीरमध्ये नावा काठावरून दोराने ओढून नेत, त्यामुळे ऐकणाऱ्याला चित्र लगेच दिसते. शिवाय हे बोलणारी स्त्री सूत कातणारी आहे. पीळ नसलेला धागा किती ताण सोसेल, हे तिच्या बोटांना माहीत आहे. त्याच वाखात न भाजलेले मातीचे परळ येतात. त्यांत ओतलेले पाणी मातीतच जिरते. आयुष्य निसटून चालल्याची तगमग व्यक्त करायला त्यांना एवढे पुरले. वैराग्य हा शब्दही वापरावा लागला नाही.

दुसरीकडे त्या स्वतःच कापसाचे बोंड होतात. आधी सरकी काढणारा, मग पिंजारी, मग कातणारी, मग विणकराचा माग. पुढे परीट दगडावर आपटतो, साबण चोळतो आणि शेवटी शिंप्याची कात्री चालते. हे वाचताना आपण गोऱ्या शुभ्र वस्त्राची वाट पाहत असतो. कात्रीची कल्पना नसते. साधकाच्या वाटेवर स्वच्छ होण्यानंतरही कापले जाणे शिल्लक असते, हे या क्रमातून आपोआप कळते. कात्री जर आधी आली असती तर हा अर्थ गेला असता. म्हणून लिहिणाऱ्याने प्रतिमा नुसती सुंदर आहे का एवढेच पाहू नये, ती त्या कामाच्या क्रमाला धरून आहे का हेही पाहावे, असे मला वाटते.

पाणी, हिम आणि बर्फ हा त्यांचा आणखी एक दृष्टान्त. थंडीने पाण्याची तीन रूपे दिसतात आणि चैतन्याचा सूर्य उगवला की तिन्ही एक होतात. अद्वैत समजावणारे ग्रंथ खूप आहेत, पण काश्मीरमध्ये हे दर हिवाळ्यात दाराबाहेर घडते. भाषांतर करताना इथेच अडते. हिम आणि बर्फ यांतला फरक काश्मिरी मुलाला शिकवावा लागत नाही. आपल्याकडे मात्र दोन्हींना बर्फच म्हणायची सवय.

वाख शेकडो वर्षे मुख्यतः तोंडीच राहिले. १९१४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रियर्सन यांनी पंडित मुकुंदराम शास्त्रींना वाखांची चांगली पोथी शोधायला सांगितले. शास्त्रींनी खूप शोध घेतला, पण पोथी मिळाली नाही. शेवटी गुश नावाच्या गावात धर्मदास दरवेश नावाचे एक अतिशय वृद्ध गृहस्थ भेटले. घराण्याच्या परंपरेने त्यांना वाख पाठ होते. ते म्हणत गेले आणि शास्त्री लिहून घेत गेले. १९२० मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे १०९ वाख आहेत.