सुट्या भागांचा शिल्पकार : रॉबर्ट बॉश

जुन्या काळातील एखादी अवजड मालमोटार पाहिली, की तिची भव्य चाके, लांबलचक बॉनेट आणि भक्कम सांगाडा आपले लक्ष वेधून घेतात. परंतु वाहन केवळ सांगाड्याच्या बळावर चालत नाही. इंजिनात नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी, मोजून सोडलेले इंधन, अंधारात वाट दाखवणारे दिवे, समोरच्याला सावध करणारा भोंगा, पावसात काच पुसणारी पट्टी आणि उतारावर वेग आवरणारा ब्रेक यांच्या आधारावर ते सुरक्षितपणे धावते. यांपैकी एक जरी भाग ऐनवेळी निकामी झाला, तरी चालकाचा जीव धोक्यात येतो. या लहानसहान भागांना विश्वासार्ह बनवण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या रॉबर्ट बॉश या जर्मन उद्योजकाचा हा परिचय.

बालपण आणि उमेदवारी

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या गावी झाला. बारा भावंडांपैकी ते अकरावे. वडील शेती करत आणि प्रवाशांसाठी खाणावळ व मुक्कामाची जागाही चालवत. घरची स्थिती बरी होती आणि वडिलांना वाचनाची व शिक्षणाची विशेष आवड होती. शाळा संपल्यावर रॉबर्ट यांनी 1876 मध्ये उल्म येथे एका कारागिराकडे उमेदवारी पत्करली. तेथे सूक्ष्म यंत्रे तयार करण्याचे काम चाले. मात्र मालकाचे शिकाऊ मुलांकडे फारसे लक्ष नसे. शिकण्याची इच्छा असूनही शिकवणारा नसावा, याचे दुःख त्यांनी तेथे अनुभवले. पुढे त्यांच्या हाती सत्ता आली, तेव्हा हा अनुभव त्यांच्या उपयोगी पडला.

उमेदवारीनंतर त्यांनी अनेक कारखान्यांत कामे केली आणि काही काळ स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेत व्याख्याने ऐकली. 1884 मध्ये ते अमेरिकेस गेले व थॉमस एडिसन यांच्या कारखान्यात राबले. परतताना त्यांनी इंग्लंडमध्ये सीमेन्स बंधूंच्या कारखान्यातही काम केले. या भ्रमंतीत त्यांनी विजेचे नवे शास्त्र जवळून पाहिले, तसेच कामगारांचे कष्टमय जीवनही पाहिले. कामगार चळवळीविषयीची त्यांची आस्था याच काळात दृढ झाली.

कार्यशाळेचे कठीण दिवस

15 नोव्हेंबर 1886 रोजी बॉश यांनी स्टुटगार्ट येथे स्वतःची छोटी कार्यशाळा उघडली. मदतीला एक कारागीर आणि एक हरकाम्या मुलगा एवढाच परिवार होता. विजेच्या घंटा बसवणे, टेलिफोन जोडणे, यंत्रे दुरुस्त करणे अशी मिळतील ती कामे ते घेत. गिऱ्हाइकांकडे जाण्यासाठी त्यांनी सायकल घेतली होती. काम कधी भरपूर, तर कधी मुळीच नसे. कर्ज वाढले, नातेवाइकांचा आधार घ्यावा लागला आणि एक वेळ अशी आली, की बहुतेक कारागिरांना कामावरून कमी करावे लागले. तरीही हलक्या प्रतीचा माल देऊन झटपट पैसा मिळवण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो, गेलेला विश्वास मात्र परत मिळत नाही, अशी त्यांची धारणा होती.

ठिणगीचा प्रश्न

इंजिनातील इंधनमिश्रण योग्य क्षणी पेटवणे हा त्या काळी मोटारनिर्मात्यांपुढील सर्वांत बिकट प्रश्न होता. काही वाहनांत त्यासाठी ज्योतीने तापवलेली नळी वापरत. वाऱ्याने ज्योत विझली, की इंजिन बंद पडे. उघड्या ज्योतीमुळे आगीचा धोकाही असे.

या प्रश्नाचे उत्तर मॅग्नेटो या उपकरणात होते. कायमच्या चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवले, की त्यात वीज निर्माण होते. या विजेने ठिणगी पाडता येते आणि त्यासाठी बॅटरीची गरज लागत नाही. बॉश यांनी 1887 मध्ये एका जागी स्थिर असलेल्या इंजिनासाठी असे उपकरण तयार केले. परंतु मोटारीचे इंजिन त्याच्या कित्येक पट वेगाने फिरे आणि मॅग्नेटोचा जड भाग त्या गतीने हलू शकत नसे. 1897 मध्ये एका तीनचाकी वाहनासाठी मॅग्नेटो बनवण्याचे काम आले, तेव्हा बॉश यांचा सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर याने युक्ती काढली. जड वेटोळे स्थिर ठेवून त्याच्याभोवतीचे हलके आवरण तेवढे हलवायचे. ही योजना यशस्वी झाली.

त्यानंतरचे मोठे पाऊल गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने उचलले. तरुणपणी त्याने बॉश यांच्याच कार्यशाळेत उमेदवारी केली होती. 1902 मध्ये त्याने उच्च दाबाची वीज निर्माण करणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग सिद्ध केला. आता ठिणगी पाडण्यासाठी इंजिनाच्या आत हलणाऱ्या भागांची आवश्यकता उरली नाही. मोटारी आणि मालमोटारी यांची या भागाला मोठी मागणी आली. 1906 मध्ये एक लाखावा मॅग्नेटो तयार झाला. आजही बॉश यांच्या कंपनीचे चिन्ह म्हणून वर्तुळात मॅग्नेटोच्या गाभ्याचीच आकृती दिसते.

कारखाना आणि कामगार

त्याच वर्षी, म्हणजे 1906 मध्ये, बॉश यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा कामाचा दिवस सुरू केला. त्या काळातील बहुसंख्य कारखानदारांना हा निर्णय आततायी वाटला. थकलेल्या हातांकडून सूक्ष्म व बिनचूक काम होत नाही, हे बॉश यांना स्वानुभवाने ठाऊक होते. 1913 मध्ये त्यांनी शिकाऊ कामगारांसाठी स्वतंत्र प्रशिक्षणशाळा उघडली. आपल्याला जे मिळाले नाही, ते पुढच्या पिढीला मिळावे, ही त्यामागील तळमळ होती.

परंतु सद्भावनेने सगळेच प्रश्न सुटत नाहीत. त्याच 1913 मध्ये त्यांच्या कारखान्यात मोठा संप झाला आणि काम काही आठवडे बंद राहिले. कामगारांचे मित्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉश यांना हा आघात जिव्हारी लागला. त्यानंतर ते कारखानदारांच्या संघटनेत सामील झाले. मात्र आठ तासांचा दिवस आणि प्रशिक्षणशाळा त्यांनी सोडली नाही.

पहिल्या महायुद्धात कारखान्याला सैन्याची कामे मिळाली व नफाही झाला. तो स्वतःसाठी ठेवणे बॉश यांना पटले नाही. त्यांनी मोठ्या रकमा लोकोपयोगी कार्यांसाठी दिल्या. युद्धामुळे परदेशांतील मालमत्ता आणि पेटंट मात्र गमवावी लागली. जगभर उभारलेला व्यवसाय पुन्हा नव्याने उभा करण्याची वेळ आली.

इंधनाचे मोजमाप

युद्धानंतर बॉश यांच्या कारखान्यातून वाहनांचे नवनवे भाग बाहेर पडू लागले. डायनॅमो व बॅटरीवर चालणारे दिवे 1913 मध्येच आले होते. 1921 मध्ये विजेचा भोंगा, 1926 मध्ये काच पुसणारा विजेचा वायपर आणि 1928 मध्ये वळण्याची दिशा दाखवणारा दिशादर्शक आला. जड वाहनाचा ब्रेक दाबताना चालकाच्या पायाला बळ पुरवणारी यंत्रणा 1927 मध्ये आली. भरलेली मालमोटार घाट उतरत असताना या यंत्रणेचे मोल चालकच जाणे.

तथापि, मालमोटारीचे भाग्य पालटले ते डिझेलच्या पंपामुळे. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनात ठिणगी लागत नाही. तेथे हवा इतकी दाबली जाते, की ती अत्यंत तप्त होते व तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. हे इंजिन इंधनाची बचत करी. परंतु इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेल्या हवेचे मोठे यंत्र जोडावे लागे. म्हणून ते प्रथम कारखान्यांत आणि जहाजांवर रुजले. 1920 नंतर काही निर्मात्यांनी डिझेलच्या मालमोटारी तयार केल्या, पण त्यांना लहान, टिकाऊ आणि भरवशाचा पंप हवा होता.

मॅग्नेटोवर मोठा झालेला आपला कारखाना ठिणगीविना चालणाऱ्या इंजिनासाठी पंप बनवणार, यात धोका होता. डिझेल इंजिन लोकप्रिय झाले, तर मॅग्नेटोची मागणी घटणार होती. तरीही 1922 मध्ये बॉश यांनी हे काम हाती घेतले. पंपातील बारीक दट्ट्या नळीत इतका घट्ट बसवावा लागे, की दोहोंमधील फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढीच राही. दट्ट्यावर तिरकी खाच असे. चालकाने पायाखालची पट्टी दाबली, की दट्ट्या किंचित फिरे आणि त्या खाचेमुळे इंधनाचे प्रमाण बदले. प्रत्येक सिलिंडरला योग्य वेळी व सारख्याच प्रमाणात इंधन मिळे. पाच वर्षांच्या परिश्रमांनंतर 1927 मध्ये या पंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले. कमी खर्चात, जड माल घेऊन, लांबचा पल्ला गाठणे त्यामुळे मालमोटारींना शक्य झाले.

अखेरचा काळ

1933 मध्ये जर्मनीत हिटलरची राजवट आली. बॉश यांना ती मान्य नव्हती. त्यांनी व हान्स वाल्त्स प्रभृती सहकाऱ्यांनी छळ होणाऱ्या ज्यू लोकांना साहाय्य केले आणि हिटलरच्या विरोधकांना गुप्तपणे पाठबळ दिले. त्याच वेळी त्यांच्या कंपनीत युद्धसामग्रीचे उत्पादन होत होते आणि युद्धकाळात तेथे सक्तीने आणलेल्या मजुरांना राबवले गेले, हेही सत्य आहे. ज्या कारखान्याने कामगाराच्या श्रमाला मान दिला, त्याच कारखान्यावर हा डाग पडला. बॉश यांचे चरित्र वाचताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

1940 मध्ये स्टुटगार्ट येथे त्यांनी दिलेल्या देणगीतून रुग्णालय सुरू झाले. 12 मार्च 1942 रोजी त्यांचे निधन झाले. कंपनीचे उत्पन्न समाजाच्या कामी यावे, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात व्यक्त केली होती. तिला अनुसरून 1964 मध्ये कंपनीचे बहुतांश भागभांडवल एका लोकोपयोगी संस्थेकडे सोपवण्यात आले. आरोग्य, शिक्षण आणि विविध देशांतील लोकांमधील सलोखा यांसाठी ही संस्था कार्य करते.

भारतातील वारसा

बॉश यांच्या उत्पादनांची विक्री भारतात 1922 मध्ये कोलकात्यातून सुरू झाली. 1951 मध्ये बंगळूर येथे मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच सर्वपरिचित ‘मायको’, स्थापन झाली. पुढे नाशिक येथेही तिचा कारखाना उभा राहिला. ट्रकचालक आणि कारागीर यांच्या तोंडी मायकोचे नाव रुळले. 2008 मध्ये या कंपनीने बॉश हे नाव धारण केले.

महामार्गांलगतच्या लहान दुकानांत पंप आणि नोझल दुरुस्त करणारे कारागीर दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांनी हे कौशल्य शाळेत न शिकता, उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून मिळवलेले असते. केसाहूनही बारीक फट जपणारे त्यांचे काम वाहनाच्या मालकाला दिसत नाही, पण रात्रीच्या घाटात ट्रक त्याच कामाच्या भरवशावर चालत असतो. उल्मच्या त्या उपेक्षित उमेदवाराने आयुष्यभर हाच भरवसा जपला. नजरेआड राहणारे कामही चोख करावे आणि ते करणाऱ्या हातांचा मान राखावा, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण आहे.