जॉर्ज ऑर्वेल : पाहिले ते लिहून ठेवणारा

आमच्या घरात वर्तमानपत्र वाचणारा मी पहिलाच. छापून आले ते खरेच, अशी घरच्यांची श्रद्धा. म्हणूनच मला जॉर्ज ऑर्वेल महत्त्वाचा वाटतो. जन्म १९०३, बिहारमधील मोतीहारी. स्पेनच्या यादवी युद्धात तो फॅसिस्टांविरुद्ध लढला. १९३७ साली त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. पण तो ज्या पक्षाच्या तुकडीत होता, त्या पक्षालाच कम्युनिस्ट वृत्तपत्रांनी फॅसिस्टांचा हस्तक ठरविले. खंदकात राहिलेल्या ऑर्वेलने डोळ्यांनी पाहिलेले १९३८ साली पुस्तकात मांडले. १९४९ च्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ कादंबरीत त्याने जुने अंक बदलून माणसाला स्वतःच्याच स्मृतीविषयी शंका घ्यायला लावणारी सत्ता रंगविली. १९५० साली तो वारला. पुढाऱ्याने कालचे बोलणे आज नाकारले, तर कालचा अंक काढून पाहावा, हे मी त्याच्याकडून शिकलो.