थोर स्थापत्य अभियंता डॉ. फजलुर रहमान खान

विद्यार्थी मित्रांनो आणि पालकहो, आज आपल्या सोनारीत काय किंवा परंडा तालुक्यातील इतर गावांत काय, जुने माळवद उतरवून स्लॅबचे घर बांधावे ही प्रत्येक कुटुंबाची इच्छा असते. त्यासाठी आयुष्यभराची पुंजी खर्च होते. परंतु काँक्रीटमध्ये सळई का घालतात आणि ती नेमकी कोठे असावी, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? हाच प्रश्न जन्मभर विचारीत राहून जगाच्या बांधकामशास्त्राला नवे वळण देणाऱ्या एका अभियंत्याचा परिचय येथे करून देत आहे.

फजलुर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाका येथे झाला. वडील गणिताचे शिक्षक होते. त्यांनी गणिताची पाठ्यपुस्तकेही लिहिली व पुढे ते जगन्नाथ कॉलेजचे प्राचार्य झाले. घरात धनापेक्षा विद्येला मान होता. मुलाला भौतिकशास्त्राची ओढ होती, पण वडिलांनी त्याला अभियांत्रिकीकडे वळविले. कलकत्त्याजवळील शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याचे शिक्षण चालू असताना १९५० साली दंगली उसळल्या आणि त्याला ढाक्यास परतावे लागले. दुसरा एखादा खचला असता. फजलुर यांनी ढाक्याच्या अहसानउल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी मिळविली. १९५२ साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले आणि अवघ्या तीन वर्षांत दोन मास्टर पदव्या व डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले.

१९५५ साली शिकागोच्या ‘स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल’ या नामांकित संस्थेत त्यांनी नोकरी धरली. दोन वर्षांनी ते मायदेशी परतले व कराचीच्या विकास प्राधिकरणात अधिकारी झाले. मात्र तेथे कारभाराची कागदपत्रेच फार. आराखडा करण्याचे मनाजोगते काम हाती येईना. म्हणून १९६० साली ते पुन्हा शिकागोला गेले.

त्यांचे मोठेपण समजण्यासाठी काँक्रीटचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण पडला की तडकते. तो ताण सोसण्याचे काम पोलादाच्या सळईचे. शिवाय इमारत जसजशी उंच होते, तसतसा वाऱ्याचा आडवा रेटा वाढत जातो. तो पेलण्यासाठी पूर्वी आतील खांब व भिंती जाड करीत नेत आणि खर्च हाताबाहेर जाई. खान यांनी सारे बळ बाहेरच्या कडेला आणले. आपल्या बांबूकडे पाहा. तो आतून पोकळ, तरी वाऱ्यात मोडत नाही, कारण त्याचा जोर कडेच्या कवचात असतो. खान यांनी इमारतीलाच अशी नळी बनविले. शिकागोतील डेविट-चेस्टनट ही त्रेचाळीस मजली काँक्रीटची इमारत या पद्धतीची पहिली. तिच्या बाहेरील बाजूस अवघ्या साडेपाच फुटांवर एक खांब आहे. १९७१ साली ह्यूस्टन शहरात ‘वन शेल प्लाझा’ ही बावन्न मजली इमारत पूर्ण झाली. ती तेव्हा जगातील सर्वांत उंच काँक्रीटची इमारत होती. पोलादात त्यांनी शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर (१९६९) व एकशे दहा मजली सिअर्स टॉवर (१९७४) उभे केले. ४४२ मीटरचा हा टॉवर १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच होता.

इतकी कीर्ती मिळूनही ते माणसांना विसरले नाहीत. १९७१ च्या मुक्तिसंग्रामात त्यांनी शिकागोत बांगला बांधवांना संघटित केले व मदत उभी केली. जेद्दाह विमानतळावरील, दोनशे दहा तंबूंसारख्या छतांचे हज टर्मिनल हे त्यांचे अखेरचे मोठे काम. आपल्या जिल्ह्यातून हजला गेलेल्यांपैकी अनेकांनी त्या सावलीत विसावा घेतला असेल. २७ मार्च १९८२ रोजी जेद्दाह येथेच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न वर्षांचे.

वाचकहो, शंभर मजल्यांचा नियम आपल्या एका मजल्यालाही लागू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सास्तूरसह आपल्या जिल्ह्यातील गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. म्हणून आपण स्लॅबकडे वळलो. पण २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादच्या काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या. नुसत्या काँक्रीटने घर सुरक्षित होत नाही. सळईची मांडणीही योग्य असावी लागते.

तेव्हा एवढे तरी लक्षात ठेवा. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबची मुख्य सळई खालच्या बाजूस असावी. पुढे काढलेल्या छज्जाची मात्र वरच्या बाजूस. काम करताना ती पायाखाली दबून खाली गेली, तर छज्जा पडतो. सळई गंजू नये म्हणून स्लॅबमध्ये २० व कॉलममध्ये ४० मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर ठेवा. कॉलमच्या रिंगांची टोके काटकोनात न सोडता १३५ अंशांत आत वळवा, आणि बीमच्या सांध्याजवळ रिंगा जवळजवळ बांधा. कालवलेला माल सैल व्हावा म्हणून वरून पाणी ओतू देऊ नका, त्याने ताकद घटते. माल घट्ट बसल्यावर मात्र पाणी मारण्यात कसूर नको. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात निदान दहा दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल तर चौदा दिवस स्लॅब ओला ठेवा. आणि कॉलम किती जाड, सळई किती, हे गवंड्याच्या अंदाजावर न सोडता अभियंत्याकडून नकाशा करून घ्या. त्याची फी घराच्या खर्चापुढे अल्प असते.

पालकहो, एका गणित शिक्षकाच्या मुलाने हे सारे केले. आपल्या मुलामुलींना गणिताची गोडी लावा, त्यांचे शिक्षण मध्येच तोडू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, गावात कोठे स्लॅब पडत असेल, तर थोडा वेळ थांबा, सळई कोठे आहे ते पाहा आणि ती तेथेच का, हे विचारा. उद्याचा अभियंता त्या प्रश्नातूनच घडेल.