टोचणी मेंदूला, साखर रक्तात

भिवंडी असो वा मुंबई, मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण बेशुद्ध पडला की नातेवाईक आधी ग्लुकोजची बाटली लावायला सांगतात. डॉक्टर ती का टाळतात, याचा धागा क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञापर्यंत जातो.

बर्नार यांचा जन्म १८१३ चा, द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबातला. औषधाच्या दुकानात उमेदवारी करताना त्यांनी नाटके लिहिली. पॅरिसच्या एका समीक्षकाने वैद्यकी शिकण्याचा सल्ला दिला आणि नाटककार होता होता ते शास्त्रज्ञ झाले. १८४३ मध्ये त्यांनी दाखवले, की उसाची साखर थेट शिरेत सोडली तर शरीर ती वापरत नाही, लघवीवाटे टाकून देते. म्हणजे शिरेतून अन्न द्यायचे तर ते पचलेल्या रूपातच हवे. पुढे १८४९ मध्ये सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचताच त्याच्या रक्तातली साखर वाढली. यकृत साखर साठवते, हेही त्यांनीच शोधले. प्राण्यांवरील प्रयोगांमुळे पत्नी दुरावली. १८७८ मध्ये निधन झाल्यावर फ्रान्सने मात्र सरकारी इतमामात निरोप दिला.

रक्तस्रावानेही साखर अशीच वाढते. त्यात नुसते ग्लुकोज चढवले तर साखर आणि मेंदूची सूज, दोन्ही वाढू शकतात. म्हणून आतडे चालत असेल तर नाकातल्या नळीने अन्न द्यावे; ते जमत नसेल तरच शिरेतून, तेही साखर वारंवार तपासत. बाटलीचा आग्रह धरू नये.