स्वयंपाकघरात शिरलेला कादंबरीकार : अलेक्झांडर ड्यूमा

इ.स. १८६९ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, रॉस्कॉफ या लहानशा बंदरगावी, सदुसष्टीला पोहोचलेला एक स्थूल आणि थकलेला लेखक मुक्कामाला आला. त्याच्या कादंबऱ्यांची पारायणे साऱ्या युरोपात चालू होती. त्याचा स्वतःचा खिसा मात्र रिकामा होता. समुद्राकाठच्या त्या शांततेत त्याने जे लिहायला घेतले ती कादंबरी नव्हती, नाटकही नव्हते. तो पाककलेचा एक अवाढव्य कोश होता. अलेक्झांडर ड्यूमाचे हे अखेरचे मोठे लेखन.

स्वयंपाकघराशी त्याचे नाते जन्माआधीचेच म्हणायचे. त्याच्या आईचे वडील उत्तर फ्रान्समधील व्हिलेर-कोतरे गावात खानावळ चालवीत. त्याच गावी २४ जुलै १८०२ रोजी ड्यूमा जन्मला. वडील तोमा-अलेक्झांडर हे सां-दोमिंग (आजचे हैती) बेटावरील एका फ्रेंच उमरावाचे आणि मारी-सेसेत या गुलाम स्त्रीचे पुत्र. बापाचे आडनाव टाकून आईचे ड्यूमा हे नाव लावून ते साधे शिपाई म्हणून सैन्यात शिरले आणि राज्यक्रांतीच्या काळात सेनापतिपदापर्यंत चढले. इजिप्तच्या मोहिमेत नेपोलियनशी त्यांचे बिनसले. परतीच्या वाटेवर नेपल्सच्या राज्यात ते कैद झाले आणि दोन वर्षांनी सुटले ते खचलेल्या प्रकृतीनेच. १८०६ मध्ये ते वारले तेव्हा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. विधवेने निवृत्तिवेतनासाठी केलेल्या अर्जविनंत्यांना सरकारने दाद दिली नाही.

शाळेत मुलगा फारसा रमला नाही. रानात मात्र तरबेज झाला. पहिल्यांदा पॅरिसला जाताना जवळ पैसे नव्हते, तेव्हा वाटेत ससे-तितर मारून त्यांवर त्याने खानावळवाल्याचे देणे भागवले. १८२३ मध्ये तो पॅरिसला राहायलाच गेला. तेथे त्याच्या उपयोगी पडले ते वळणदार हस्ताक्षर. त्याच्या जोरावर ऑर्लियन्सच्या ड्यूकच्या कचेरीत कारकुनी मिळाली. १८२९ मध्ये तिसऱ्या हेन्रीवरील त्याच्या नाटकाने रंगभूमी गाजवली आणि कारकुनी मागे पडली.

पुढे वृत्तपत्रांत क्रमशः कादंबऱ्या छापण्याची लाट आली. १८४४ या एका वर्षात ‘थ्री मस्केटिअर्स’ प्रसिद्ध झाली आणि ‘काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो’ सुरू झाली. या कामात ओग्युस्त माके हा इतिहासाचा शिक्षक त्याचा जोडीदार होता. माके साधने धुंडाळी, कथानकाचा आराखडा लिहून देई. ड्यूमा त्यात प्राण फुंकी, संवाद खुलवी. पुस्तकावर नाव मात्र एकट्या ड्यूमाचे. पुढे माके न्यायालयात गेला. त्याला पैसे मिळाले, नाव मिळाले नाही. माकेने एकट्याने लिहिलेल्या कादंबऱ्या आज कोणी वाचत नाही हे खरे. पण त्यामुळे त्याच्यावरचा अन्याय कमी होत नाही.

‘माँटे ख्रिस्तो’मधील अॅबे फारिया हे पात्र गोमंतकीय वाचकाला परके नाही. कोठडीत भुयार खणणारा, तरुण कैद्याला भाषा आणि शास्त्रे शिकवणारा हा वृद्ध धर्मगुरू ड्यूमाने इटालियन रंगवला. पण नाव घेतले ते बार्देशातील कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या जुझे कुस्तोदियु द फारियाचे. संमोहनामागे कोणतीही गूढ शक्ती नसून झोपणाऱ्याची स्वतःची मनोवस्था असते, हे मांडणारा हा गोंयकार १८१९ मध्ये पॅरिसमध्येच वारला. ड्यूमा त्या शहरात राहायला आला तो त्यानंतर चार वर्षांनी. दोघांची भेट झाली नाही, तरी पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभ्या असलेल्या पुतळ्यातील माणसाचे नाव जगभर पोहोचवले ते या कादंबरीने.

कीर्तीबरोबर विखारही आला. १८४५ मध्ये एका पत्रककर्त्याने ‘कादंबऱ्यांचा कारखाना’ म्हणून त्याची निंदा केली आणि त्याच्या आफ्रिकी रक्तावरून गलिच्छ शब्द वापरले. ड्यूमाने फिर्याद केली आणि ती जिंकली. त्याआधी दोनच वर्षे मॉरिशसमधील वर्णद्वेषावर ‘जॉर्ज’ ही कादंबरी त्याने लिहिली होती. ती तुलनेने कमी वाचली जाते, वाचायला हवी.

पैसा तो दोन्ही हातांनी उधळी. १८४७ मध्ये पॅरिसजवळ त्याने माँटे ख्रिस्तो नावाचा वाडा उभारला आणि वास्तूला शेकडो पाहुणे जेवू घातले. दोनच वर्षांत वाडा विकावा लागला. स्वतःच्या नाट्यगृहाचे दिवाळे निघाले आणि १८५१ मध्ये सावकारांना चुकवीत तो ब्रुसेल्सला गेला. १८६० मध्ये गॅरिबाल्डीसाठी पदरच्या पैशाने बंदुका घेऊन तो इटलीत उतरला. ज्या नेपल्सच्या राजवटीने बापाला सडवले, ती कोसळताना मुलगा तेथे हजर होता. पुढे काही वर्षे तिथेच त्याने वृत्तपत्र चालवले.

या साऱ्या भटकंतीत तो ताटाकडे डोळसपणे पाही. तरुणपणी स्वित्झर्लंडच्या प्रवासवर्णनात त्याने अस्वलाच्या मांसाची एक चमत्कारिक गोष्ट रचली होती. त्या अस्वलाने मरण्यापूर्वी आपल्या शिकाऱ्यालाच अर्धे खाल्ले होते, असे जेवण झाल्यावर कळते! मग येणारा प्रत्येक प्रवासी अस्वल मागू लागला आणि तेथील खानावळवाला हैराण झाला. कोशातही हीच वृत्ती दिसते. कॉकेशसमध्ये चाखलेल्या शाश्लिकची कृती तीत आहे, हत्तीच्या पायांचीही आहे. अकारविल्हे लावलेल्या नोंदींत इतिहास, दंतकथा आणि आठवणी बिनदिक्कत मिसळल्या आहेत. मोजमापे शोधणाऱ्याची इथे निराशा होईल. पण ड्यूमा नुसता खवय्या नव्हता, मित्रांसाठी स्वतः चुलीपुढे उभा राहणारा होता, हे पानोपानी जाणवते. पाककृती तपासण्याच्या कामी व्हिलमो हा त्याचा जुना आचारी मित्र होता. कोशाला मोहरीवरचा एक लांबलचक निबंधही जोडलेला आहे. त्यात बोर्निब्यू या मोहरीच्या कारखानदाराची तारीफ इतकी आहे, की ती जाहिरात होय हे लपत नाही.

मार्च १८७० मध्ये हस्तलिखित प्रकाशक लमेरच्या हाती पडले आणि काही महिन्यांतच प्रशियाशी युद्ध पेटून छपाई थांबली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला दिएपजवळच्या प्यूई येथे, लेखक असलेल्या मुलाच्या घरी, ड्यूमाने देह ठेवला. अकराशेहून अधिक पानांचा तो कोश १८७३ मध्ये बाहेर पडला.