डॉ. प्रफुल्लकुमार सेन

आपल्या हृदयात चार लहान दारे असतात. त्यांस झडपा म्हणतात. रक्त पुढे गेले की झडप मिटते आणि त्याला मागे फिरू देत नाही. लहानपणी एखाद्याचा घसा सुजतो, ताप भरतो, काही दिवसांनी सांधे ठणकू लागतात. मूल मुंबईचे असो की हिंगोलीकडील साखऱ्याचे, घरची माणसे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करावयास लावतात आणि पुढे ते दुखणे विसरून जातात. घसा बरा होतो, सांधेही मोकळे होतात. पण कधी कधी हृदयाची झडप मात्र दुखावलेलीच राहते. वर्षे लोटतात तसे तिचे पडदे एकमेकांस चिकटतात, दार अरुंद होते, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि ऐन तारुण्यात त्या माणसाला भरलेली घागर उचलतानाही धाप लागते.

अशा रोग्यांसाठी डॉ. सेन यांनी शस्त्र हाती घेतले. १९१५ साली जन्मलेले हे बंगाली गृहस्थ मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. धडधडत्या हृदयास हात घालणे हे त्या काळी मोठेच धाडस होते. लंडनमध्ये १९२५ साली ते एकदा करून पाहिले गेले होते. पण १९४८ साली अमेरिकेत पुन्हा प्रारंभ होईपर्यंत त्या वाटेस फारसे कोणी गेले नाही. त्यानंतरच्या दशकात डॉ. सेन व त्यांचे सहकारी ही शस्त्रक्रिया परळला करू लागले. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला छेद घेऊन शल्यविशारद आपले बोट आत घालीत आणि चिकटलेले पडदे सोडवीत. आत डोळ्यांना काही दिसत नसे. बोटाला लागेल तेच खरे. शिवाय बोट दारात असेपर्यंत रक्ताची वाट अडे. म्हणून सारे क्षणांत उरकावे लागे.

त्यांची जिज्ञासा मोठी विलक्षण होती. सापाच्या हृदयाचा स्नायू आतल्या कप्प्यातूनच थेट रक्त घेतो. मग माणसाच्या हृदयाला सुईने बारीक छिद्रे पाडून तसेच रक्त पुरविता येईल काय, याचाही त्यांनी शोध घेतला.

१९६८ च्या फेब्रुवारीत त्यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. दक्षिण आफ्रिकेत जगातील पहिले रोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. नवे हृदय चालू लागले. पण रोगी अवघे तीन तास जगला. सप्टेंबरात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तो रोगी चौदा तास जगला. पुढील वर्षी सरकारने डॉ. सेन यांस पद्मभूषण दिले. १९८२ साली ते वारले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९९४ साली, दिल्लीत झालेल्या हृदयरोपणातील रोगी बरा होऊन घरी गेला.